दारावरचा माणूस

अठ्ठ्याण्णव साली, पोर्तुगीजांच्या काळातलं ते गोव्याचं कॅथेड्रल बघायला कबनूरचा केरबा आपल्या लेकाबरोबर, संघर्षबरोबर, गेला खरा, पण पायरीवरच घुटमळला. दारावरचा रखवालदार मघापासून त्याच्या पायांकडंच बघत होता.

"संघर्ष, त्यो बघ कसा बघतोय. आत सोडतोय का न्हाय, आधी बघू दे."

नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला काढून केरबानं कोपऱ्यात सरकवल्या आणि तो उंबऱ्याशी गेला, तसा रखवालदारानं हात आडवा केला.

"व्हय, आलं ध्यानात," केरबा म्हणाला. देवाच्या दारात आडवे आलेले हात त्यानं जन्मात कमी बघितले नव्हते. "जात इचारायची असंल तर सरळ तोंडानं इचारा की."

रखवालदार गोंधळला. कोपऱ्यातल्या चपलांकडं बोट करत म्हणाला, "बाबा, त्या कित्याक काढल्या? इथं सगळे पायांत घालूनच भितर जातात."



पाटलाच्या दारावरनं जाताना आयुष्यभर चपला काखोटीला मारणाऱ्या बापाचा लेक केरबा आपल्या चपला करकर वाजवत पार देवाच्या पुढ्यापर्यंत गेला.