जड रायफल

पहिल्यांदाच सेमी-ऑटोमॅटिक रायफल हाती घ्यायची, म्हणून ऋजुतानं नेमबाजी क्लबच्या घोरपडेसरांना विचारलं, “सर, या दोनांतली कुठली घेऊ?”

हलकी रायफल सरांना स्वतःच्या मुलीसाठी ठेवायची होती. त्यांनी जड पुढे केली. “नवख्यांना हीच बरी.”

ती पेलताना ऋजुताचे हात थरथरत. सहा महिने नेम चुकतच राहिला.

जिल्हा संघात सरांच्या मुलीची निवड झाली. ऋजुता क्लब सोडायला निघाली. “तुम्ही मन लावून शिकवलंत, सर. माझेच हात कच्चे.”

ती पाया पडायला वाकली, तसे सर मागे सरले.

“हात कच्चे नाहीत, पोरी. मी तुला जाणूनबुजून जड रायफल दिली.”

ऋजुता त्यांच्या मागे बघत होती. संघाचं नवं जॅकेट घालून त्यांची मुलगी दारात उभी होती.