फुकटचा भराव

ताई, मेथी उचललीत, पण तुमच्या कंपनीची बस यायला वेळ हाय. तोवर माझ्या भाच्याची गोष्ट ऐका.

ही समोरची बाग अन् हे टॉवर दिसतात ना, तिथं आधी केमिकलचा कारखाना होता. माती पार नासलेली. ती उपसून लांब नेऊन टाका, मगच घरं बांधा, असा हुकूम निघाला. उपसायचं काम मिळालं ऋषीला, माझ्या बहिणीच्या पोराला. त्याच उन्हाळ्यात त्यानं आपल्या डंपरनं माझं खोलगट रान फुकटात भरून दिलं. म्हणला, "मामा, तळ्यातला गाळ हाय. सोनं पिकंल बघ!"

पिकलं की! भाच्याला रिकाम्या हातानं धाडू नये म्हणतात. म्हणून दर रविवारी पहिली जुडी ऋषीची. तोबी पाया पडून घेऊन जायचा. मी गावभर सांगायचो, भाचा असावा तर असा.

मघाशी बहीण इथं माझ्या पाटीपाशी येऊन बसली. हळूच म्हणली, "दादा, तुमचं दोघांचं भांडण झालंय का रं? तू दिलेली भाजी ऋषी घरात येऊ देत नाही. येता येता पुलावरनं नदीत टाकतो. इचारलं तर म्हणतो, आई, मामाच्या रानातलं आपण खायचं नसतं."



ताई, ती जुडी खाली ठेवा. अन् परवा नेलेली फ्रीजमध्ये उरली असंल, तर पोरांना घालू नका.