मधल्या दाराची कडी

“तिसरांदा उनात ना साहेब?” टांगेवाल्या झिपरूनं विचारलं. “मास्तर काई येवाव नही. नुसता टांगाना फेरा.”

तिसऱ्या खेपेला आलेले आठल्ये हसले नाहीत. ते एका विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते. यंदा नावाजलेला प्राध्यापक मिळाला नाही, तर तिथला तत्त्वज्ञान विभागच बंद होणार होता.

नंदुरबारच्या एका शेठजींनी चालवलेलं तत्त्वज्ञानाचं विद्यालय प्राध्यापक माणकचंदांच्या ओसरीवरच भरे. आठल्ये पोचले तेव्हा वर्ग चालू होता. माणकचंद नेहमीसारखे मधल्या दाराला पाठ लावून बसले होते.

आठल्यांनी मुद्दाम खडा टाकला. “दोरीला साप समजून माणूस पळाला. दिवा आणल्यावर तो साप गेला कुठे?”

“साप नव्हताच मुळी.”

आतून कडी वाजली. माणकचंदांच्या पत्नी तीजाबाई परपुरुषांसमोर यायच्या नाहीत, बोलायच्या तर नाहीतच. काही हवं-नको असलं की कडी वाजवायच्या. त्या काळी ही रीतच होती.

“चहा झाला वाटतं,” म्हणत माणकचंद आत गेले. जरा वेळानं रिकाम्या हातांनी परतले.

“घाईत बोललो मी. साप नव्हता, पण भीती होती. दिवा आणल्यावर जाते ती भीती. आणि ती तर खरीच होती.”

मुलं भराभर लिहून घेऊ लागली. आठल्ये चहा विसरले.

वर्ग सुटल्यावर त्यांनी बंगला सांगितला, बाग सांगितली. माणकचंदांनी दर खेपेसारखं एकच विचारलं, “वर्ग कुठे घ्यायचा?”

“मोठ्या सभागृहात. शेकडो मुलं बसतात.”

“मग नको.”

“बाईंची प्रकृती बरी नसते का?”

“ठणठणीत आहे.”

“मग तुम्हांला सभागृहाची भीती वाटते की काय?”

“भीती खरी असते, आत्ताच सांगितलं ना,” माणकचंद हसले.

आठल्यांनी बूट चढवले. अंगणातून झिपरू म्हणाला, “चला साहेब, गाडी सुटी जाई.”

पायरीवरून आठल्ये मागे वळले. “बरं, सभागृह राहू द्या. बंगल्यातच भरवा वर्ग. असाच, ओसरीवर.”

 माणकचंद मान वळवून दाराकडे पाहत राहिले.

कडी वाजली नाही. ओसरीवर आजवर कुणी ऐकला नव्हता तो आवाज आतून आला.

“त्या बंगलाना मधला दारले कडी शे का?”