डबा तर प्लॅस्टिकचा!

सासरे खजुराच्या झाडावरून पडून गेले, तेव्हापासून मी नवऱ्याला, हातिमला झाडावर चढू देत नाही. म्हणून तर हा छोटा ड्रोन घेतला. पोटाखालच्या डब्यातून तो फुलोऱ्यावर पराग टाकतो. पण बसऱ्याजवळच्या आमच्या बागेत या आठवड्यात तो तिसऱ्यांदा गरगरत बुंध्यावर आपटला.

हातिमने पुन्हा पाती बदलली, मोडकी दांडी चिकटवली. डबा न लावता अंगणात उडवला, तर शहाण्यासारखा सरळ उडाला.

"उम्म सिनान, तू विज्ञान शिकलेली ना, मग तूच सांग! होकायंत्राजवळ लोखंड आलं की हा असा भरकटतो म्हणतात. पण डबा तर प्लॅस्टिकचा!" त्याने पकड आदळली. "दोन दिवसांत फुलोरा वाया जाईल. माझा दोर काढून ठेव, उद्या मीच चढतो."

मी डब्याच्या तळाचा स्पंज उचकटला.



आमच्या बाळाच्या, सिनानच्या झबल्याला लावते तसेच, नजर लागू नये म्हणून सेफ्टी पिनेने मीच टोचलेले निळे मणी तिथे होते: एक ड्रोन घरी आला त्या दिवशीचा, आणि तो पडला की दर वेळी आणखी एक.