पेशीतला ठिपका

"तू मला गाडलंस, खैरुन! जित्ती गाडलंस!"

तानाबाईनं खैरुनबीचा दंड धरला आणि तिला प्रयोगशाळेमागच्या मोरीपाशी ओढत आणलं. खैरुनबीच्या हातात धुवायच्या काचपट्ट्यांचं ताट होतं. तेवढं तिनं जपून कट्ट्यावर ठेवलं. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात ती नमुने घ्यायची, रंगवायची आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन ठेवायची. पुढच्या महिन्यात तिचा निकाह होता.

दोघी मुरगूडच्या. एका बाकावर शिकलेल्या, एका ताटात जेवलेल्या. खैरुन दवाखान्यात लागली आणि ताना पळत सुटली ती थेट परदेशी जाणाऱ्या संघात जाऊन बसली. आठशे मीटरला तिच्या आसपास कुणी नव्हतं. आणि आज सकाळी संघाच्या साहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझी तपासणी बरोबर आली नाही, पोरी. उगाच बोभाटा करू नकोस. पाय मुरगळला म्हणून सांग गावात."

पाय मुरगळला म्हणे! पाय शाबूत होते की तिचे, घोड्यासारखे.

ती तपासणी याच दवाखान्यात झाली होती. तपासणी म्हणजे बाई खरंच बाई आहे का, ते बघायचं. गालाच्या आतून लाकडी पट्टी फिरवायची, निघेल ते काचेवर सारवायचं आणि रंगात बुडवायचं. बाईच्या पेशीत कडेला एक गडद ठिपका दिसतो, पुरुषाच्या पेशीत दिसत नाही. एखाद्या बाईच्या पेशीत नसतो ठिपका, तरी ती बाईच असते. पण एवढं समजून घ्यायला खेळवाल्यांना सवड कुठली? ठिपका दिसला तर चल, नाही तर घरी बस.

तपासणीचं नाव ऐकूनच ताना धास्तावली होती. तिचा आवाज जाड, खांदे रुंद, ओठावर लव. मुरगूडच्या बाजारात टवाळ पोरं तिला "ओ पावणं, सरका की!" म्हणायची आणि खिदळायची. ऐकून ऐकून तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. आपल्यात ठिपका नसला तर? म्हणून तिनं खैरुनचे पाय धरले होते.

"माझी काच टाकून दे आणि माझ्या नावाच्या काचेवर तुझा गाल सारव. एवढं कर, जन्मात दुसरं काय मागणार न्हाय."

मागायचं तर खैरुनकडंच मागावं. नाजूक चण, कमरेखाली वेणी, आवाज असा की ऐकणाऱ्यानं कान द्यावा. तिच्या बाईपणावर कोण बोट ठेवणार? खैरुन घाबरली, दोन वेळा नको म्हणाली, शेवटी म्हणाली, "आईची आण, करीन."

आणि हे असं केलं.

"आईची आण घेतलीस आणि माझीच काच पुढं सरकवलीस व्हय गं?" ताना आता रडत होती आणि ओरडतही होती. "नोकरी जाईल म्हणून भ्यालीस? मग तोंडावर न्हाय म्हणायचं हुतंस! बाजारातली पोरं परवडली. त्यांनी केसानं गळा न्हाय कापला."

 खैरुनबीनं नुसता पदर डोक्यावर सारखा केला. ते बघून तानाचं डोकं आणखीच भडकलं.

"तुझ्या सासरी जाऊन सांगणार हाय मी! कसली सून आणताय ते कळू दे त्यांस्नी. आण मोडणारी, दगाबाज!"

सासरचं नाव निघालं तशी खैरुनबी कट्ट्याचा आधार घेऊन खालीच बसली.  मग तिनं झंपरात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली एक काचपट्टी काढून तानाच्या हातात दिली. काचेवर जांभळा डाग होता.

"ही तुझी," ती म्हणाली. "टाकून दे म्हणालतीस, पण जीव झाला न्हाय. रंगवून ठिवली हुती. निकाल आल्यावर कपाटातनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. पेशीपेशीत ठिपका हाय. जा, डॉक्टरांस्नी दाखव आणि जे घडलं ते समदं सांग. तुझं नाव परत लागंल."

तानाला काही उमगेना. हातातली काच तिनं उजेडाकडं धरली, जणू तिला नुसत्या डोळ्यांनी दिसणार होतं.

"मग डॉक्टरांनी बघितली ती कुणाची?"

खैरुनबीनं मान वर केली.

"मी आण मोडली न्हाय, ताना. ज्यात ठिपका न्हाय, ती काच माझी."