निळा शर्ट

"दाजी, पकडलं तर?" मेहुण्याने पुन्हा विचारलं.

"पकडत नाहीत, हेच तर माझं दुखणं आहे," मॅनेजर म्हणाला आणि त्याच्या हातात निळा शर्ट, टोपी आणि धुळीचा मास्क कोंबला.

त्या सहा मजली ऑफिसात मालकीणबाईंच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा फक्त भिंती होत्या. बाकी सगळं ठेक्यावर. साफसफाईवाले हिरव्या शर्टात, एसीवाले निळ्या, पहारेकरी खाकी. माणसं सतत बदलत, शर्ट तेच राहत. त्यामुळे तिथे कोणी कोणाचं तोंड बघत नसे, रंग बघून वाट देत. ही पद्धत मॅनेजरनेच बसवली होती. तिच्यासाठी त्याचा एकदा सत्कारही झाला होता.

मग चोऱ्या सुरू झाल्या. आधी नळ गेले, मग आग विझवायची नळकांडी, मग प्रोजेक्टर. सगळं दुपारी, जेवणानंतर, दारावरच्या पहारेकरी काकांच्या डुलकीच्या वेळेला. मालकीणबाईंनी मॅनेजरला बोलावून, बसा न म्हणता सांगितलं होतं, "पुढच्या चोरीला एकतर पहाऱ्याची एजन्सी जाईल, नाहीतर तुम्ही. मला दोन्ही चालेल."

एजन्सीला काढायचं तर हलगर्जीपणाचा पुरावा हवा, अशी करारात अट होती. ती मॅनेजरनेच मान्य केली होती. आणि नोकरीबरोबर इमारतीमागच्या दोन खोल्याही जाणार होत्या. त्यातल्या एकीत त्याची आई अंथरुणाला खिळलेली. बायकोने सकाळी एवढंच विचारलं, "आईंना उचलून न्यायचं कुठे?"

त्याच्याकडे उपाय म्हणून मेहुणा होता.

"तिसऱ्या मजल्यावरून काहीही उचल. मोठं, डोळ्यांत भरेल असं. पुढच्या दाराने बाहेर पड. परवाच बसवलेल्या कॅमेऱ्यात तू आणि काकांची डुलकी एकत्र आली की झालं. बाईंना सांगेन, परीक्षा घेतली, एजन्सी नापास."

"आणि वस्तू?"

"संध्याकाळी आणून दे. ठेवून घेऊ नकोस."

दुपारी मॅनेजर केबिनमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसला. काका खुर्चीत मान टाकून पडले होते. लिफ्ट उघडली. निळा शर्ट, टोपी, मास्क. खांद्यावर बैठकीच्या खोलीतला भला मोठा टीव्ही, चक्क चादरीत गुंडाळलेला. मेहुण्याला एवढं सुचेल असं मॅनेजरला वाटलं नव्हतं.

आणि काकांनी डोळे उघडले.

"ओ एसीवाले! गेटपास कुठाय?"

वर्षानुवर्षं झोपलेला माणूस नेमका आज जागा झाला होता. मॅनेजर धावत जिना उतरला.

"काका, गच्चीवरची टाकी वाहतेय! पळा!"

"पण साहेब, ह्याचा पास..."

"मी उभा आहे ना इथे!"

"नाही, हल्ली चोऱ्या होतात म्हणून म्हटलं. मागे तुम्हीच ओरडला होतात."

"काका, जा हो!"

काका गुडघे चोळत लिफ्टकडे गेले. मॅनेजरला क्षणभर कसंसंच झालं. मग आईची खोली डोळ्यांसमोर आली. कॅमेऱ्याला कान नव्हते, त्याला दिसणार ती रिकामी खुर्ची. डुलकीपेक्षाही झकास पुरावा.

टीव्ही दारात अडकला. मॅनेजरने काचेचं दार पायाने अडवलं, दुसरं टोक धरलं आणि पायऱ्या उतरून टेम्पोत चढवूनही दिलं.

"उपकार झाले, साहेब," मास्कमधून आवाज आला.

"नाटकं पुरे," मॅनेजर कुजबुजला. "सांभाळून ने, काच फुटेल."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. कित्येक दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. त्याने मालकीणबाईंना फोन लावला. "बाई, खाली याच. सगळं कॅमेऱ्यात आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

बाई आल्या. टाकी कोरडी ठणठणीत आहे असं सांगत काकाही खाली आले. मॅनेजरने घसा साफ केला.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून कोणीतरी धापा टाकत आत शिरलं. निळा शर्ट, बटणं वरखाली लागलेली, मास्क हनुवटीवर.

"दाजी, बस चुकली हो! बोला, काय उचलायचं?"