परतीचा डबा

आंतरराष्ट्रीय परिषदेच्या ठरावातून ते एक वाक्य वगळलं गेलं आणि मृणाल सबनीसच्या बरोबर आलेल्या कारखानदारांनी तिची पाठ थोपटली. जुन्या बॅटऱ्यांतून परत मिळवलेल्या कोबाल्टचा थोडा वाटा मूळ खाणींच्या देशांनाही द्यावा, असं ते वाक्य होतं. मृणालचा चाकणला बॅटऱ्या मोडून धातू काढायचा कारखाना. एकदा विकलेल्या मालावर पुन्हा हक्क कसला, हा मुद्दा तिचाच, आणि तो तिने शेवटपर्यंत लावून धरला होता.

सभागृह रिकामं होत असताना मुतिंताबाई तिच्याकडे आल्या. खाणींच्या देशांच्या वतीने त्याच बोलल्या होत्या, आणि हरल्या होत्या. आता दोन शब्द ऐकून घ्यावे लागणार, म्हणून मृणाल मनात उत्तरं जुळवू लागली.

मुतिंताबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पहिल्या दिवशी दोघी शेजारी बसल्या होत्या, तेव्हा मृणालने त्यांना घरचा चिवडा दिला होता, तोच हा डबा. ती तर विसरूनही गेली होती.

हातात घेतल्यावर तिला तो जड लागला. झाकण उघडलं, तर आत भाजलेले शेंगदाणे.

"निघताना आईने बांधून दिले होते," मुतिंताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत."

मृणालची आईही शेजारणीच्या डब्यात चिमूटभर साखर तरी घालायचीच. 'आमच्याकडेही नाही करत,' हे मृणालच्या अगदी ओठांवर आलं. पण आज ते म्हणायला तिला तोंड नव्हतं.